हळदीच्या माशाने गल्लीला दिलेलं नाव

हनोईच्या जुन्या पेठेत गल्ल्यांची नावं धंद्यांवरून पडली: कुठे चांदीवाले, कुठे साखरवाले. त्यांतली हांग सन ही गल्ली रंग-रोगणवाल्यांची. आज तिचं नाव ‘चा का’ आहे. हे नाव आलं तिथल्या एका खानावळीत शिजणाऱ्या माशावरून, आणि त्या माशाचा जीव आहे हळदीत. म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या मोंढ्यात हळद आणणाऱ्यांनी ही कुळकथा जाणून घ्यायला हवी.

गल्लीतलं 14 क्रमांकाचं घर दोआन कुटुंबाचं. त्यांची खानावळ 1871 पासूनची मानली जाते. पुढे 1882 मध्ये फ्रेंचांनी हनोई जिंकली. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्यांना दोआनांनी आसरा दिला आणि बैठकीला जमलेल्यांना हाच मासा रांधून वाढला, असं सांगतात. खानावळीत गळ घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याची मूर्ती असे. तो ला वाँग, म्हणजे योग्य राजा भेटेपर्यंत नदीकाठी वाट पाहणारा प्राचीन चीनमधला मुत्सद्दी. खानावळीला नावही त्याचंच मिळालं.

मासा गोड्या पाण्यातला, मिशाळ, बिनखवल्याचा. त्याचे तुकडे हळद, कुलिंजन आणि आंबवलेल्या भातात मुरवून निखाऱ्यावर भाजतात. मग शेगडीसकट कढई टेबलावर येते. गरम तेलात तुकडे परतायचे आणि वर शेपू व कांद्याची पात मूठ-मूठ घालायची. सोबत तांदळाच्या शेवया, भाजके शेंगदाणे आणि कोळंबी आंबवून केलेली, उग्र वासाची ‘मम तोम’. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र उतरतं. त्यामुळे कढईतलं तेल सोनेरी होतं आणि तो रंग शेपूला, शेवयांनाही चढतो.

हळद, शेपू, पात, शेंगदाणे यांतलं काहीच हिंगोली जिल्ह्याला परकं नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हरिद्रा संशोधन केंद्रही आहे. म्हणजे पिकाला नाव मिळालं. पण शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळकुंडं पोत्यांत भरून बाहेर जातात आणि त्यांची चव परक्या ताटात उतरते.

दोआनांनी एकच पदार्थ निवडला आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच नेमाने केला. गल्लीला नाव मिळालं ते या सातत्यामुळे. वसमतमध्येही एखाद्या खानावळीने ओल्या हळदीचा एक पदार्थ ठरवावा आणि हंगामात तो रोज ताटात वाढावा. मानांकनाचा कागद शेतमालाची ओळख जपतो. गावाची चव माणसांच्या जिभेवर राहते ती अशा रोजच्या स्वयंपाकामुळे, आणि ते काम कुणी तरी चूल पेटवूनच सुरू करावं लागतं.