मर्जी आणि बंधन

‘राज्याने खर्च करावा’ या वाक्यातला विध्यर्थ कर्तव्याचा की नुसत्या सूचनेचा, हे ‘करावा’ या रूपावरून कळत नाही. संदर्भावरून ठरवावे लागते. व्याकरणाच्या तासाला ही संदिग्धता गोड वाटते. कायद्याला ती परवडत नाही, आणि हे नेमके ओळखलेल्या एका वकिलाची कारकीर्द आपण साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावी अशी आहे.

हेन्री वॅक्समन यांनी १९६४ साली लॉस एंजेलिसमध्ये कायद्याची पदवी घेतली. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ते १९७५ पासून २०१५ पर्यंत होते. आपल्याकडे ते माहीत असतील तर १९८४ च्या औषधविषयक कायद्यामुळे. त्याने जेनेरिक औषधांना जी वाट करून दिली, तिच्यावरून पुढे मुंबईच्या कंपन्याही चालल्या. मला मात्र त्यांचे मेडिकेडमधले काम अधिक मोलाचे वाटते.

मेडिकेड ही १९६५ ची, गरिबांच्या उपचारांची योजना. खर्च संघशासन आणि राज्ये मिळून करतात. मूळ कायद्यात ती बहुतांशी रोख मदतीला जोडलेली होती: नुसते गरीब असणे पुरेसे नव्हते. पात्रतेच्या कलमाला दोन उपकलमे आहेत. पहिल्यात ज्यांना सामावून घेणे राज्यांना बंधनकारक आहे ते, दुसऱ्यात राज्याच्या मर्जीवर सोडलेले. १९७९ साली आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्षपद मिळाल्यावर वॅक्समन यांनी माणसांना दुसऱ्या उपकलमातून पहिल्यात नेण्याचा उद्योग आरंभला, तोही रेगन यांच्या काटकसरीच्या काळात आणि बहुधा अर्थसंकल्पाच्या जाडजूड विधेयकांच्या पोटातून. १९८६ साली दारिद्र्यरेषेखालील गर्भवती व तान्ही मुले मर्जीच्या उपकलमात आली. १९८८ साली तीच बंधनाच्या. १९८९ साली सहा वर्षांखालील मुलांसाठी ही मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांवर गेली. १९९० ची तरतूद तर विलक्षणच. ३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेली गरीब मुले वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पात्र ठरली. म्हणजे ही मुले जसजशी मोठी होणार, तसतशी योजनाही वाढणार, आणि खर्चाचा मोठा भाग त्या वर्षीच्या हिशेबात दिसणारच नाही!

याला चातुर्य म्हणावे की लपवाछपवी? राज्यांचे गव्हर्नर वैतागले होते, आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती: ठरवणार वॉशिंग्टन, वाटा उचलणार राज्ये. तरीही उघड चर्चेची वाट पाहिली असती तर १९८४ साली जन्मलेले मूल तोवर मोठे झाले असते, असे मला वाटते.

२०१० च्या आरोग्यकायद्याने प्रौढांसाठीही तीच १३३ टक्क्यांची रेषा आखली. तेव्हा वॅक्समन मूळ समितीचे अध्यक्ष होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की विस्तार नाकारणाऱ्या राज्याचा जुना निधी तोडता येणार नाही. बंधन पुन्हा मर्जी झाले. टेक्साससारख्या राज्याने तो विस्तार स्वीकारलेला नाही. कायद्याच्या पुस्तकात मात्र ती तरतूद पहिल्याच उपकलमात छापलेली आहे.