‘बावीसशे पाच’
बावीसशे पाच : अर्थसंकल्पातील ‘कला व संस्कृती’चे मुख्य लेखाशीर्ष, २२०५. सभागृहात वेळ संपली की अनुदानाच्या उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. खरी झाडाझडती नंतर, महालेखापरीक्षकांचा अहवाल लोकलेखा समितीपुढे आल्यावर. तोवर पैसे खर्च होऊन गेलेले! रोहण्यासारख्या (ता. आर्वी, जि. वर्धा) गावातल्या, दंडार हे लोकनाट्य करणाऱ्या म्हाताऱ्याचा या आकड्यांशी संबंध मानधनापुरता. राज्याची ही वृद्ध कलावंत मानधन योजना १९५४-५५पासूनची. अ, ब, क अशा वर्गवारीने दरमहा ३,१५०, २,७०० व २,२५० रुपये मिळत; २०२४मध्ये सरसकट ५,००० झाले. दंडारवाला बहुधा जिल्हा पातळीच्या ‘क’मध्येच मोडे; ढोलकी जिल्ह्याबाहेर वाजली याचा कागद कुठून आणणार?