साडेसात वर्षांचा पिट स्टॉप

फॉर्म्युला वन आपल्याकडे तीनच सीझन टिकली, २०११ ते २०१३. त्यावर हळहळणारे ऑफिसात भरपूर भेटतात. पण पुढच्याच वर्षी जुन्नर-आंबेगावची रेस बंद पडली, त्याबद्दल कुणी बोलत नाही. बैलगाडा हो!

इकडचा बैलगाडा म्हणजे चार बैल, पुढे घोडेस्वार आणि चढाचा घाट. एका गाड्याची धाव म्हणजे 'बारी'. निकाल घड्याळावर, फरक सेकंदाच्या भागांचा. सीझन गावोगावच्या यात्रांचा.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूसोबत बैलगाडाही थांबवला. तक्रारी खोट्या नव्हत्या. चाबूक होता, विजेचे झटके होते. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला, पण हायकोर्टाने शर्यती थांबवल्या. सशर्त परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ ला. आंबेगावातल्या लांडेवाडीत १ जानेवारी २०२२ ची शर्यत ठरली आणि कोरोनामुळे ऐनवेळी रद्द! शेवटी त्याच वर्षी घाट पुन्हा वाजले. १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

साडेसात वर्षं. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवता येते, बैलाचं वय नाही ठेवता येत. २०१४ चा ऐन उमेदीतला बैल २०२२ मध्ये म्हातारा झालेला. तो जिंकलाही नाही, हरलाही नाही. चाबूक थांबवायला नियम आधीच करता आले असते, असं मला राहून राहून वाटतं. आता नियम आहेत. ते पाळले नाहीत, तर पुढचा ब्रेक आपणच लावलेला असेल.