मळीची कुळकथा

साखर कारखान्याचा कार्यकारी संचालक नेमके काय ठरवतो? उसाला द्यायचा किमान दर, म्हणजे एफआरपी, दिल्लीत ठरतो. साखर दर महिन्याला किती विकायची त्याचा कोटा दिल्लीहूनच येतो. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिला. गाळप कोणत्या तारखेला सुरू करायचे हे मुंबईत मंत्री समितीच्या बैठकीत ठरते. ऊस किती येणार ते भंडारदरा, मुळा आणि दारणा धरणांत किती पाणी आहे त्यावर. मग कारभाऱ्याच्या हातात उरते काय? माझे उत्तर आहे, मळी. बाहेरचे वारे कोणत्या दिशेने वाहते आहे हे ओळखून त्याप्रमाणे आपले पाऊल बदलण्याची कला नगर जिल्ह्यातल्या कारखान्यांनी शिकली ती साखरेवर नव्हे, साखर काढून घेतल्यावर खाली राहणाऱ्या या काळ्या, चिकट पाकावर. म्हणून ही तिची कुळकथा.

आधी ती निघते कशी ते पाहू. रस गाळून, निवळून, आटवून त्याचा पाक होतो. तो पॅनमध्ये, निर्वात भांड्यात, शिजवला की दाणे धरतात. दाणे आणि पाक यांचे हे दाट मिश्रण सेंट्रिफ्युगल यंत्रात गरगर फिरवले की जाळीच्या आत साखर राहते आणि बाहेर पडते ती ए मळी. तिच्यात अजून साखर असते, म्हणून ती पुन्हा शिजवतात. त्यातून बी मळी. ती आणखी एकदा शिजवली की शेवटची सी मळी, जिच्यातून साखर काढणे परवडत नाही. टनभर उसामागे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो ही शेवटची मळी निघते. कारखाना कुठे थांबला, बीवर की सीवर, हा निर्णय पॅन हाउसमध्ये अमलात येतो, पण त्याची कारणे कारखान्याच्या फाटकाबाहेर असतात. कुठे ती थेट समुद्रापलीकडचीही असतात.

सुरुवातीला मळी ही नुसती डोकेदुखी होती. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी या कोरड्या जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आणला. भंडारदऱ्याची भिंत 1926 मध्ये पुरी झाली. पहिल्या महायुद्धानंतर ब्रॅडी मंडळींनी बेलापूर कंपनी काढली आणि हरेगावला कारखाना उभा राहिला. मग 1932 साली सरकारने परदेशी साखरेवर जबर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण दिले. त्याआधी देशात तीसेक कारखाने होते, चार-पाच वर्षांत ते 130 च्या पुढे गेले. त्या लाटेत 1933 मध्ये महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्स स्थापन केली, तिच्या कारखान्याची वसाहत म्हणजे श्रीरामपूरजवळचे टिळकनगर. करमशीभाई सोमय्यांच्या गोदावरी शुगर मिल्सने 1939 नंतर साकरवाडी आणि लक्ष्मीवाडी गाजवली. साखर विकली जाई, पण देशभर मळीचे डोंगर साचत. ती टाकायची कुठे, हा प्रश्न इतका मोठा झाला की अलाहाबादचे रसायनशास्त्रज्ञ नीलरतन धर यांनी ती खारवट जमिनीत मुरवून जमीन सुधारण्याचे प्रयोग केले. कालव्याच्या पाण्याने जमिनी खारावण्याचे दुखणे नगरच्या बागायतदारालाही चांगले ठाऊक आहे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा देशात काही ठिकाणी त्यात मळीचे अल्कोहोल मिसळले गेले. स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948 मध्ये, केंद्राने इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट केला. आणि 1949 मध्ये मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. एक कायदा म्हणत होता अल्कोहोल बनवा, दुसरा म्हणत होता त्याच्यावर पहारा ठेवा. पुढे 1955 मध्ये मुंबई मळी नियम आले आणि मळीचा साठा, वाहतूक, विक्री सगळे परवान्याखाली गेले. आजही कारखान्यातून मळीचा टँकर बाहेर पडतो तो उत्पादन शुल्क खात्याच्या कागदावर.

याच सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. गुळाचे भाव कोसळले की शेतकरी बुडत होता, हे त्यामागचे मूळ दुखणे. पण मळीच्या कथेत सहकाराची पाळी थोडी उशिरा येते. आधी खाजगी कारखान्यांवर आघात झाला.

साल 1961. त्याच वर्षी दोन गोष्टी झाल्या. केंद्राने मळी नियंत्रण आदेश काढून तिचा भाव आणि वाटप आपल्या हाती घेतले. आणि महाराष्ट्राने कमाल जमीनधारणा कायदा केला. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी यांचे बळ होते त्यांच्या हजारो एकर उसाच्या मळ्यांत. त्या जमिनी गेल्या, 1963 मध्ये शेती महामंडळ स्थापन होऊन त्याच्याकडे आल्या. ऊस आपला राहिला नाही आणि भोवताली सभासदांच्या उसावर हक्क सांगणारे सहकारी कारखाने एकामागून एक उभे राहत होते. इथे या तीन कारखान्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि मला हा भाग सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. हरेगावचा कारखाना बंद पडला. आज त्या वसाहतीत जुन्या वैभवाच्या खुणा पाहायला मिळतात. टिळकनगरने उसापेक्षा अल्कोहोलचा हात धरला. आज टिळकनगर इंडस्ट्रीज म्हटले की लोकांना साखर आठवत नाही, मॅन्शन हाउस ब्रँडी आठवते. तिचा मोठा खप दक्षिणेत आहे. जुलै 2025 मध्ये याच कंपनीने पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडून इम्पिरियल ब्लू हा व्हिस्कीचा धंदा विकत घेण्याचा करार जाहीर केला. साकरवाडीने तिसरी वाट धरली: अल्कोहोलपासून रसायने. इथाइल अ‍ॅसिटेटसारखी द्रावणे आता तिथे बनतात आणि सोमय्यांची साखर कर्नाटकात समीरवाडीला होते. जमीन सगळ्यांचीच गेली होती. उसाशिवाय आपल्याकडे आणखी काय आहे, हा प्रश्न ज्यांनी वेळेवर विचारला ते टिकले.

सहकारी कारखान्यांनी हा धडा आपल्या रीतीने गिरवला. दारूबंदी सैल झाली, 1973 मध्ये देशी मद्याचे नवे नियम आले आणि डिस्टिलरी हे कारखान्याचे कमावते अंग बनले. कोपरगावचा संजीवनी कारखाना अल्कोहोलपासून रसायने काढण्याकडेही वळला. पण याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीने गावातून दारू हद्दपार केली आणि पुढे राज्यभर बायकांनी मतदानाने दुकाने बंद करण्यासाठी आडव्या बाटलीचा लढा दिला. कारखान्याच्या ताळेबंदात डिस्टिलरीचा नफा दिसत होता, सभासदाच्या घरात त्याचे काय होत होते ते दिसत नव्हते. बाहेरच्या परिस्थितीवर नजर ठेवणे म्हणजे फक्त भाव आणि परिपत्रके वाचणे नव्हे. आपल्याच सभासदाची बायको काय म्हणते तेही ऐकावे लागते, आणि ते ऐकायला कारभारी मंडळींनी फार वेळ लावला.

तसेच स्पेंटवॉशचे. एक लिटर अल्कोहोलमागे दहा-पंधरा लिटर काळपट तांबूस सांडपाणी निघते. ते ओढ्यात, खड्ड्यात सोडले की आजूबाजूच्या विहिरींना रंग चढतो आणि वास येतो. डिस्टिलरीजवळच्या कोणत्याही वस्तीत ही तक्रार ऐकायला मिळते. त्यापासून गॅस काढणे, कंपोस्ट करणे, आटवून जाळणे ही तंत्रे आली ती बहुतांशी नियम कडक झाल्यावर. ही कामे आधी करायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

जून 1993 मध्ये केंद्राने मळीवरचे नियंत्रण उठवले. नाममात्र भावाने द्यावा लागणारा माल अचानक बाजाराचा झाला. मग जागतिक तेलाचे भाव मळीच्या टाकीपर्यंत पोचू लागले. 2001 मध्ये पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले त्यांतला एक कोपरगावपासून जवळच, मनमाडला होता. जानेवारी 2003 मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, महाराष्ट्र त्यात होता. पण त्याच काळात दुष्काळ पडला आणि उसावर लोकरी मावा आला. राज्याचे साखर उत्पादन 2002-03 मध्ये साठ लाख टनांच्या वर होते, ते दोन हंगामांत पंचवीस लाख टनांच्या खाली आले. मळीच नाही तर इथेनॉल कुठून? कार्यक्रम गडगडला.

खरी उलथापालथ 2018 च्या जैवइंधन धोरणाने केली. सी मळीपर्यंत न थांबता बी मळीपासून, थेट रसापासूनही इथेनॉल करायला परवानगी मिळाली, आणि प्रत्येकाला वेगळा दर. साखर अतिरिक्त झाली होती, कारखान्यांकडे एफआरपी थकत होती, व्याजसवलतीचे कर्ज मिळत होते. जिल्ह्यात नव्या डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या, जुन्या मोठ्या झाल्या. 5 जून 2021 ला वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट 2030 वरून 2025 वर आणल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले.

आता पॅन हाउसमधला हिशेब ढोबळपणे मांडून पाहू. शंभर टन ऊस गाळला. सीपर्यंत गेलो तर साडेचार टन मळीतून सुमारे हजार लिटर इथेनॉल. बीवर थांबलो तर मळी जास्त आणि कसदार, सुमारे 1950 लिटर. पण साखर दीड टन कमी. 2022-23 चे दर घ्या: सी 49.41 रुपये लिटर, बी 60.73. बीवर थांबल्याने इथेनॉलचे उत्पन्न सुमारे 69 हजारांनी वाढते. गेलेली दीड टन साखर 34 रुपये किलोने 51 हजारांची. म्हणजे डिस्टिलरीचा जादा खर्च धरण्याआधी अठरा हजार पदरात. आता जानेवारी 2025 पहा. सीचा दर 57.97 झाला, बीचा 60.73 च राहिला. उत्पन्नातली वाढ आता साठ हजारांच्या आसपासच. साखर चाळीस रुपयांना विकली जात असेल तर गेलेली साखरही साठ हजारांचीच. फायदा शून्य, वर डिस्टिलरीचा खर्च. यंत्रे तीच, ऊस तोच, माणसे तीच. दोन आकडे बाहेर बदलले आणि कालचा शहाणपणाचा निर्णय आज तोट्याचा झाला. हा हिशेब दर आठवड्याला नव्याने करणारा चीफ केमिस्ट आणि तो ऐकून घेणारे संचालक मंडळ ज्या कारखान्यात आहे तिथे व्यवस्थापन आहे असे मी म्हणेन.

काही वेळा हिशेब करायलाही उसंत मिळत नाही. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने 7 डिसेंबर 2023 ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. गाळप ऐन भरात होते, तेल कंपन्यांशी पुरवठ्याचे करार झाले होते, कर्जाचे हप्ते चालू होते. आठवड्यात, 15 डिसेंबरला, 17 लाख टन साखरेइतका रस आणि बी मळी वापरण्याची मुभा मिळाली. तयार बी मळीचे साठे मात्र टाक्यांत पडून राहिले, त्यातल्या 6.7 लाख टनांना एप्रिल 2024 मध्ये परवानगी आली. सगळे निर्बंध उठले 29 ऑगस्ट 2024 ला. पावसाळा कोरडा जातो आहे हे तर सप्टेंबरातच शेतात दिसत होते. ज्यांनी तेव्हाच ओळखले की कमी पाऊस म्हणजे कमी साखर आणि कमी साखर म्हणजे दिल्लीचा हात, आणि ज्यांनी सीपर्यंत जाण्याची तयारी ठेवली, त्यांना धक्का कमी बसला. सगळे ओझे रसावर टाकलेल्यांना तो जबर बसला.

रसापासूनच्या इथेनॉलचा 65.61 चा दर 2022-23 पासून हलला नाही, उसाची एफआरपी मात्र क्विंटलला 305 वरून 2025-26 साठी 355 वर गेली. इथेनॉलच्या पुरवठ्यात मका आणि इतर धान्यांचा वाटा आता उसापेक्षा मोठा आहे. इथेनॉलचे ग्राहक म्हणजे प्रामुख्याने सरकारी तेल कंपन्या. अशा वेळी डिस्टिलरी फक्त इथेनॉलवर चालवणे ही चूक आहे. रसायने, औषधी कच्चा माल, बायोगॅस आणि सीपर्यंत साखर काढण्याची क्षमता या सगळ्या वाटा उघड्या ठेवणारा कारखाना पुढच्या आदेशाला तोंड देईल. टिळकनगर आणि साकरवाडीने काही दशकांपूर्वी हेच केले होते, आणि त्यांच्याकडे तर स्वतःची जमीनही उरली नव्हती.

सभासद बंधू-भगिनींनो, सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल हाती पडेल. पहिल्या पानांवरचे फोटो पाहून तो ठेवून देऊ नका. मळी किती निघाली, त्यातली बी किती आणि सी किती, साखर उतारा त्यामुळे किती घटला, इथेनॉल कोणत्या दराने गेले, स्पेंटवॉशचे काय केले, हे आकडे शोधा. सापडले नाहीत तर सभेत उभे राहून विचारा. ऊस तुमचा आहे, त्या निर्णयाचा फायदा-तोटा तुमच्याच बिलात उतरणार आहे.