बेने-इस्राएलांचा गृहाचार आणि आठवा दिवस

(१)

बेने-इस्राएल समाजाच्या इतिहासाचें विवेचन करितांना अभ्यासकांची दृष्टि बहुधा तीन प्रसंगांवर खिळलेली असते : नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलेलें गलबत, दाऊद राहबी याचें कोंकणांतील आगमन, आणि मुंबईंत इ. स. १७९६ मध्यें उभें राहिलेलें पहिलें प्रार्थनामंदिर. हैम शमुएल केहिमकर यांनीं इ. स. १८९७ मध्यें लिहिलेल्या व इ. स. १९३७ मध्यें तेल अवीव येथें छापल्या गेलेल्या इतिहासग्रंथांत चालीरीतींचें वर्णन विस्तारानें आलें आहे. परंतु असें वर्णन वाचकाच्या हातीं पडतें तें मुख्य इतिहासाच्या पुरवणीप्रमाणें. आमच्या मतें हा क्रम उलटा लावून पाहणें अवश्य आहे. ज्या समाजापाशीं इ. स. १७९६ पर्यंत मंदिर नव्हतें व धर्मग्रंथांचें अध्ययनहि नव्हतें, त्याचा धर्म राहिला कोठें ? तो राहिला घरांत. चूल, पाळणा व तेलाचा घाणा हींच त्याचीं दप्तरें होत, आणि त्यांतील नोंदी राखणाऱ्या बहुतांशीं लेंकुरवाळ्या स्त्रिया होत्या. हें मत पुराव्यास कितपत उतरतें तें पाहूं.

(२)

परंपरा अशी कीं, गलबत फुटल्यावर सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांचे वंशज अष्टागरांत व आसपासच्या गांवीं पसरले. केहिमकर, रोहेकर, पेणकर, झिराडकर, दिवेकर, अष्टमकर, नवगांवकर हीं आडनांवें त्या वस्तीचा नकाशाच होत. त्यांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा. शनिवारीं घाणा बंद व बैल मोकळा, म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांस 'शनिवार तेली' म्हटलें. हें नांव त्यांनीं स्वतः घेतलेलें नव्हे, शेजाऱ्यांनीं दिलेलें. आणि म्हणूनच पुरावा या नात्यानें त्याचें मोल अधिक. कोचीनचे यहेज्केल राहबी यांनीं इ. स. १७६८ मध्यें हॉलंडांत धाडलेल्या पत्रांतहि हाच मजकूर आहे : हे लोक तेल गाळतात, शनिवारीं विसावा घेतात आणि 'शेमा' एवढी एकच प्रार्थना जाणतात.

दाऊद राहबी कोणत्या शतकांत आला याविषयीं एकमत नाहीं. समाजाची परंपरा त्यास बरेंच मागें नेते. कित्येक संशोधक त्याचा संबंध अठराव्या शतकांतील कोचीनच्या राहबी घराण्याशीं जोडतात. आम्हांस येथें काळापेक्षां कथेंतील परीक्षा महत्त्वाची वाटते. हे लोक खरोखर यहुदी आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं राहबीनें घरांतील स्त्रियांपुढें नाना जातींची मासळी ठेवून ती रांधण्यास सांगितलें. स्त्रियांनीं पर व खवले असलेली मासळी तेवढी वेगळी काढली व बाकीची आपण खात नाहीं म्हणून सांगितलें. राहबीची खात्री पटली. पुढें त्यानें तिघांस शिकवून 'काजी' नेमिलें, हा उत्तरार्ध सर्वत्र सांगितला जातो. परंतु साक्ष झाली ती काजींच्या आधीं, आणि ती स्वयंपाकघरांत झाली. ज्या किनाऱ्यावर कोळंबी, चिंबोरी व मुशी यांची रेलचेल, तेथें पोरांस लहानपणापासून तीं वर्ज्य आहेत असें शिकविणें सोपें नव्हे. तें ज्यांनीं पिढ्यानपिढ्या शिकविलें त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत.

(३)

आतां घरांत मूल जन्मास येतें तेव्हांचा आचार पाहूं. पहिलें बाळंतपण माहेरीं, सुईण गांवचीच, शेक-शेगडी व बाळंतिणीचें खाणेंपिणें शेजारच्या कोंकणी घरासारखें. वरवर पाहणाऱ्यास येथें भेद दिसणार नाहीं. भेद आहे तो दिवसांच्या मोजणींत. हिंदु शेजाऱ्यांच्या घरीं पांचवी, सहाव्या दिवशीं सटवी व बाराव्यास बारसें; मुसलमान शेजाऱ्यांच्या घरीं सुन्नत असते, परंतु तिला आठव्या दिवसाचें बंधन नाहीं. बेने-इस्राएलांनीं पाळणा हिंदूंबरोबर वांटून घेतला, 'सुन्नत' व 'काजी' हे शब्द मुसलमानांबरोबर वांटून घेतले. पण मुलाची सुन्नत आठव्याच दिवशीं व्हावयाची, हा नियम दोघांपैकीं कोणाचाहि नव्हे. तो मोशेच्या नियमशास्त्राचा आहे. आठवा दिवस शनिवारीं आला तरी शनिवारचा विसावा बाजूस राहतो, सुन्नत टळत नाहीं. मूल आजारी असेल तरच ती पुढें जाते. शब्द उसने घेतां येतात, वस्तु उसनी घेतां येते. ज्या आठव्या दिवसाची शेजारीं कोणास ओळखहि नाहीं तो उसना घेतां येत नाहीं. म्हणून या समाजाच्या प्राचीन आचाराचा बळकट पुरावा आम्हांस शिलालेखांत नव्हे, बाळंतिणीच्या खोलींतील या मोजणींत दिसतो.

सुन्नतीच्या वेळीं एक खुर्ची एलियाहू हन्नाबीसाठीं रिकामी ठेवितात व मुलास नांव देतात. जुन्या पिढींत शमुएल हा व्यवहारांत सामाजी, यहेज्केल हा हसाजी, बेन्यामीन हा बनाजी, दाऊद हा दाऊदजी होई. मूळ नांव इब्री, प्रत्यय महाराष्ट्राचा. मुलीचें नांव पाळण्यांत घालून ठेवितात. नियमशास्त्रांतील हिशेबाप्रमाणें मुलगा झाल्यास चाळीस दिवसांनीं व मुलगी झाल्यास ऐशीं दिवसांनीं बाळंतिणीचें शुद्धिस्नान होतें. नवस असेल तर जावळहि एलियाहू हन्नाबीच्या नांवानें काढितात.

या एलियाहू हन्नाबीचें स्थान घरांत फार जवळचें. नवस फेडतांना अगर शुभकार्यांत 'मलिदा' होतो : भिजविलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला खोबरा, वेलदोडे, वर फळें, ताटांत गुलाब व सबजा. अलिबागनजीक खंडाळें येथील खडकावरील खूण हा त्याच्या घोड्याचा किंवा रथाचा टप्पा अशी श्रद्धा असून लहान मुलांस घेऊन कुटुंबें तेथें नवसास जातात. मुलाच्या सुन्नतीस ज्याची खुर्ची, त्याचाच मलिदा मुलाच्या नवसास. यामुळें ग्रंथांतला संदेष्टा पोरांस घरच्या वडीलमाणसासारखा वाटे.

(४)

आठवड्याचा क्रमहि मुलांस शब्दांवाचून धर्म शिकवी. शुक्रवारीं दिवस मावळण्यापूर्वीं शनिवारचें अन्न शिजवून ठेवावयाचें, कारण पुढें विस्तव पेटवावयाचा नाहीं. कांचेच्या टांगत्या दिव्यांत तेलवात लागे. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हटला जाई. मांसाबरोबर दूध निषिद्ध; पण कोंकणांत नारळ मुबलक, म्हणून कालवणास नारळाचें दूध आलें व नियम आणि चव दोन्हीं टिकलीं.

वर्षाचे सण तर मराठी नांवांनींच ओळखले जात. नव्याचा सण, मग दारें लावून घेऊन उपासांत राहण्याचा 'दरफाळणीचा सण', तसाच 'खिरीचा सण', आंबट रसाचें मडकें झांकून ठेवण्याचा 'अनाशी ढाकाचा सण', जो वस्तुतः मिसरांतून सुटकेचा वल्हांडण होय, आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन, ज्यास वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा रोजा' म्हणत. या नांवांत इतिहासाचा धागा तुटलेला दिसतो खरा : मिसर विसरला, मडकें राहिलें, मंदिर विसरलें, बिरडें राहिलें. पण तारीख चुकली नाहीं. कारण विसरूनहि दिवस पाळणें हें घरालाच साधतें. ग्रंथावर चालणाऱ्या विद्वानास तें साधत नाहीं.

(५)

एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांच्या शाळा, कोचीनचे शिक्षक व छापखाना यांमुळें विसरलेलें कारण परत हातीं आलें. जॉन विल्सन यांचें मराठींतील इब्री व्याकरण इ. स. १८३२ चें. वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईस इ. स. १८४६ मध्यें निघाली, इ. स. १८७४ च्या पुण्याच्या सचित्र हग्गादेंत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसलेल्या आहेत. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनीं प्रार्थना मराठींत आणल्या, इ. स. १८७५ मध्यें केहिमकरांच्या पुढाकारानें मुंबईंत इस्राएली शाळा निघाली. रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पेण (१८६३) येथें मंदिरें झालीं.

परंतु याच काळांत पलटण, टपाल व आगगाडी यांच्या नोकऱ्यांमुळें कुटुंबें कोंकण सोडून घाटावर पांगलीं. दौंड-मनमाड मार्ग इ. स. १८७८ मध्यें सुरू झाला. त्याच्या टापूंतील राहाता, कोपरगांव यांसारख्या बाजारगांवीं प्रार्थनामंदिर नव्हतें, आणि सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा प्रौढ पुरुष मिळण्याचीहि सोय नव्हती. पुण्यासारख्या शहरांतहि रास्ता पेठेंतील सुक्कथ शेलोमो हें मंदिर इ. स. १९२१ चें. मंदिरापासून दूर अशा गांवीं बदलून गेलेल्या नोकरदाराच्या घरीं मूल झालें, तर जुनीच कोंकणी स्थिति पुन्हां उभी राही : घर हेंच मंदिर, आणि आठवा दिवस येण्यापूर्वीं सुन्नत करणारा माणूस आणण्याची धांवपळ.

(६)

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. सुधारकांनीं हळद, ओटी, मंगळसूत्र इत्यादि चाली 'हिंदूंच्या संसर्गानें शिरलेल्या' म्हणून नापसंत केल्या. 'शिरल्या' हा शब्द आम्हांस योग्य वाटत नाहीं. इ. स. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशशास्त्रीय अभ्यासांत असें आढळलें कीं, बेने-इस्राएलांत मध्यपूर्वेतील यहुदी व भारतीय असे दोन्ही वंशांश असून, यहुदी पूर्वजांत पुरुषांचा आणि भारतीय पूर्वजांत स्त्रियांचा वांटा अधिक आहे. हें मिश्रण सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वींचें. सात जोडप्यांच्या कथेशीं हा निष्कर्ष जुळत नाहीं. पण तो मानला तर अर्थ असा निघतो कीं, पाळणा व ओटी या बाहेरून शिरलेल्या चाली नव्हेत, त्या आयांच्या स्वतःच्याच माहेरच्या होत. नवल आहे तें दुसऱ्या बाजूचें : याच भूमींतल्या लेकींनीं सासरचा आठवा दिवस, शनिवार व खवल्यांची मासळी आपलीशी करून पोरांच्या हाडींमांसीं रुजविली. नियम बापाचा असेल. तो टिकविला आईनें.

(७)

हा विचार केवळ जिज्ञासेचा नाहीं. इ. स. १९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य लोक इस्राएलांत गेले. तेथें इ. स. १९६२ मध्यें मुख्य धर्मपीठानें असा आदेश काढला कीं, बेने-इस्राएलांचा इतर यहुद्यांशीं विवाह नोंदविण्यापूर्वीं त्यांच्या आई, आजी व त्यांमागील वंशाची चौकशी करावी. घटस्फोट व दिराशीं विवाह यांविषयींचे नियम त्यांनीं शतकानुशतकें पाळले कीं नाहीं, ही शंका होती. समाजानें निकरानें विरोध केला; ऑगस्ट १९६४ मध्यें तेथील लोकसभेनें त्यांस सर्व बाबतींत यहुदी मानावें असा ठराव केला व धर्मपीठास आपला आदेश बदलावा लागला. दैवाचा उलटा न्याय असा कीं, ज्या आज्यांनीं चुलीपाशीं धर्म राखला, त्यांच्याच नांवावर संशय घेतला गेला. आणि त्यांच्या बाजूनें दाखविण्यास कागद नव्हता, कारण त्यांनीं जें राखलें तें कागदावर नव्हतेंच.

गृहाचारावरून वंश सिद्ध होत नाहीं, हें आम्ही मान्य करितों. समाज किनाऱ्यास केव्हां लागला, हेंहि त्यावरून ठरणार नाहीं. परंतु सातत्य सिद्ध होतें, आणि समाजाच्या इतिहासांत सातत्याचें मोल वंशाहून उणें नाहीं. महाराष्ट्र शासनानें इ. स. २०१६ मध्यें यहुद्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तोंवर येथें थोडींच घरें उरलीं होतीं. ज्या घरांत अजून जुन्या हग्गादा, सणांच्या टिपणवह्या, मुलांच्या जन्मतिथींच्या नोंदी किंवा पाळण्यांच्या हस्तलिखित वह्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत जाऊं न देतां त्यांच्या नकला करून ठेवाव्यात. आणि कागद नसेल तेथें आजीबाईस विचारून लिहून घ्यावें कीं, बाळंतिणीच्या खोलींत दिवस कसे मोजीत असत. इतिहासाचें हें साधन बोलतें आहे तोंवरच उपयोगीं पडेल.