दिनविशेष : २७ मार्च १९९६ – हिंदी महासागर ट्यूना करार लागू

हिंदी महासागरातला ट्यूना किती पकडायचा हे देशांनी मिळून ठरवावे, यासाठीचा करार १९९६ मध्ये आजच्या दिवशी अमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने नोव्हेंबर १९९३ मध्ये तो संमत केला होता. दहावा देश सामील होताच हिंदी महासागर ट्यूना आयोग अस्तित्वात आला. भारत मार्च १९९५ मध्येच त्यात दाखल झाला होता. आयोगाचे मुख्यालय सेशेल्सची राजधानी व्हिक्टोरिया येथे आहे.

ट्यूनाचे थवे हजारो किलोमीटर पोहतात आणि अनेक देशांच्या हद्दी ओलांडतात. त्यामुळे एकट्या देशाचे निर्बंध अपुरे पडतात. आयोगाच्या कक्षेत ट्यूना व तत्सम १६ जाती येतात. कोकणच्या बाजारात मिळणारा कुपाही त्यांतलाच. पिवळ्या परांचा ट्यूना अतिमासेमारीने घटल्यावर, २०१६ मध्ये आयोगाने जास्त मासे पकडणाऱ्या ताफ्यांवर कपात लादली. सदस्य देशांनी दरवर्षी पकडीची आकडेवारी द्यायची असते. तिच्यावरूनच शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज बांधतात. आयोगाच्या वैज्ञानिक समितीची डिसेंबर २०२३ मधली बैठक मुंबईत झाली.