मुक्तिलढ्यातील अनाम हात



इटलीतील बोलोन्या शहरी ईर्मा बांदिएरा नावाची एक तरुणी होती. दुसऱ्या महायुद्धात फासिस्ट व जर्मन सत्तेविरुद्ध लढणाऱ्या गुप्त दलांसाठी ती निरोप व शस्त्रे पोचवीत असे. १९४४ च्या ऑगस्टमध्ये ती पकडली गेली. तिचे अतोनात हाल केले, परंतु एकाही सोबत्याचे नाव तिच्या तोंडून निघाले नाही. अखेर तिला गोळ्या घातल्या. तेव्हा ती अवघ्या २९ वर्षांची होती.

तिची हकिकत वाचताना मला आपला मुक्तिसंग्राम आठवतो. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले, तेव्हा ते गाव आपल्याच जिल्ह्यात होते. पुढे १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या अमलाखालीच राहिला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, रझाकारांचा जुलूम वाढला आणि तरुणांनी शस्त्र हाती धरले. त्यांपैकी वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे आजेगावी लढताना हुतात्मा झाले. १९९९ पर्यंत वसमत परभणी जिल्ह्यातच होते. तेथील महाविद्यालय आज बहिर्जींचे स्मारक म्हणून उभे आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली.

या लढ्यात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके प्रत्यक्ष उतरल्या होत्या. पण रानात लपलेल्यांना भाकरी कोणी पोचविली? निरोप कोणी नेले? माझ्या आजेसासूबाई सांगत की, रझाकार येणार अशी आवई उठली की दागिने चुलीपाशी पुरून, लेकरे कडेवर घेऊन बायका शिवारात रात्र काढीत. अशा बायकांची नावे कोणत्या शिळेवर आहेत?

इटलीत युद्धानंतर सुमारे ३५ हजार स्त्रियांची लढवय्या म्हणून नोंद झाली. कोणीतरी विचारले, कोणीतरी लिहून घेतले, म्हणूनच ना? आपल्याकडे त्या वेळी दहा वर्षांच्या असलेल्या मुली आज नव्वदीच्या घरात आहेत. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, या वर्षी मंडळाने एक वही घालावी. प्रत्येकीने आपल्या घरातील, आळीतील वृद्धेजवळ बसावे. तिचे नाव, गाव आणि तिने पाहिलेले, केलेले तिच्याच शब्दांत उतरावे. हे काम पुढच्या वर्धापनदिनापर्यंत लांबविता कामा नये.